एकाच ढिगाचे दोन पांढरे रंग

मंदाताई आणि तिच्या गटातल्या अकरा बायका भेसळखोर ठरल्या त्या दिवाळीनंतरच्या दुसऱ्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, पुण्यातल्या एका थंडगार खोलीत. ठरवणारे चौघं होते, कापडाच्या एका दुकानाची खरेदी समिती. चौघांपैकी एकानंही त्या कापसाला बोट लावलेलं नव्हतं. त्यांच्यासमोर लॅपटॉप होता आणि लॅपटॉपवर दोन फोटो होते. बस्स.

पहिला फोटो शेतातला. काळ्याभोर रानात उमललेली बोंडं, डोळे दिपावेत इतकी पांढरी. दुसरा अंगणातला. चादरीवर ओतलेला ढीग, धुण्याच्या शेवटच्या पाण्यासारखा मळकट. शेत तेच, वेचणी तीच, वेचणाऱ्या त्याच. पण समितीनं निकाल दिला: नमुन्यात एक माल दाखवलाय, ढिगात हलका माल मिसळलाय. दुपारी मंदाताईच्या मोबाइलवर निरोप आला आणि 'भेसळ' हा शब्द संध्याकाळपर्यंत गावभर झाला. ज्या बायकांनी देशी बियाणं लावलं, फवारणीचा पंप घरात येऊ दिला नाही आणि त्यासाठी वर्षभर गावाचे टोमणे खाल्ले, त्यांना गावानं नवीन नाव दिलं: मिक्सवाल्या.

मी इचलकरंजीची. आमच्याकडं कापूस झाडाला येतो हे पोरं पुस्तकात वाचतात. आम्हाला माहीत असतो तो थेट मागाच्या बिमावर गुंडाळून आलेला धागा आणि यंत्रमागाची खडखड. मागावरच्या कामगारांसाठी पत्रकं लिहिणं, छापणं आणि सकाळच्या पाळीच्या वेळी गेटवर वाटणं हे माझं काम. 'शेतातून थेट अंगावर' असं पाटीवर लिहिणारं हे पुण्यातलं कापडाचं दुकान आणि मंदाताईचा गट यांची गाठ एका मेळाव्यात मीच घालून दिली होती. त्यामुळं तो निरोप माझ्याकडंही आला. दोन्ही फोटो बघितले आणि दुसऱ्या मिनिटाला कळलं काय झालंय ते. मोर्चांचे फोटो काढून काढून हा रोग मला ओळखीचा झालाय. पांढऱ्या टोप्यांची गर्दी राखेसारखी येते आणि काळ्या छत्र्यांच्या गर्दीत माणसांचे चेहरे भुतासारखे पांढरेफटक होतात. भेसळ बायकांनी केली नव्हती, कॅमेऱ्यानं केली होती. ते सिद्ध करायला त्याच कॅमेऱ्यानं, त्याच ढिगाचे, नीट फोटो काढायला हवे होते. मी पिशवी भरली.

वर्धा

गाडीतलं काही सांगत नाही. सगळ्यांनी भोगलेलं असतं. वर्ध्यात उतरले आणि स्टेशनबाहेर तर्री पोहे खाल्ले. आमच्याकडं पोहे म्हणजे पाहुण्यांसमोर ठेवायचा सभ्य पदार्थ. इथं त्यावर हरभऱ्याची लालभडक तर्री ओततात आणि सभ्यपणा तिथंच संपतो. मला हे फार पटलं.

मूळ फोटो काढणारे ढोले सर स्टेशनपासून रिक्षाच्या अंतरावर राहतात. निवृत्त प्राध्यापक, हौशी छायाचित्रकारांच्या एका क्लबचे अध्यक्ष. फोटो त्यांनी फुकट काढून दिले होते, सेवा म्हणून. त्यांनी गोरसपाकाच्या बिस्किटांची बशी पुढं केली आणि कपाटातून कॅमेरा काढला तो मखमली कापडात गुंडाळलेला, देव काढावा तसा. मी हातात घेतला. वरच्या चाकावर सेलोटेप होती.

"सर, हे काय?"

"टेप."

"ते दिसतंय. कशाला लावलीय?"

"अजी म्याडम, नातवं येतात, चाक फिरवून देतात. मंग फोटो बिघडते. मी ऑटोवर सेट करून पॅकच करून टाकलं. कॅमेरा आपल्याहून हुशार हाये, त्याले त्याचं काम करू द्या."

एवढा महागाचा कॅमेरा. त्याच्या डोक्यावर निवड करण्यासाठी एक चाक दिलंय, आणि निवड करावी लागू नये म्हणून या गृहस्थांनी ते चिकटवून टाकलंय! मी टेप नखानं उपटली. सरांनी डोळे मिटून घेतले.

मग मी त्यांच्याच दिवाणावरची पांढरी चादर अंगणातल्या दोरीवर टाकली आणि ऑटोवर तिचा फोटो काढला, अगदी काठोकाठ चादरीनं भरलेला. शेजारी त्यांची काळी छत्री उघडून ठेवली आणि तिचाही तसाच काढला. दोन्ही त्यांच्यापुढं धरले. चादर राखाडी. छत्री राखाडी.

"बाप्पा!" सर म्हणाले. "चादर तं कालच धुतली."

चादरीचा दोष नव्हता. या हुशार यंत्राचं जगाबद्दल एकच मत आहे: समोर काहीही असो, ते सरासरी राखाडीच असणार. पांढरं जास्त दिसलं की ते घाबरून उजेड तोडतं, काळं जास्त दिसलं की उजेड ओतत बसतं. काळ्या मातीत चार बोंडं होती. यंत्रानं माती उजळवायला उजेड ओतला आणि बोंडं चकाकली. अंगणात सगळा ढीगच पांढरा होता. यंत्रानं उजेड तोडला आणि ढीग मळला. एक कापूस, एक कॅमेरा, दोन खोटे फोटो. असलं ठाम अज्ञान माणसात असतं तेव्हा त्याला आपण समितीवर घेतो.

चाकावर बाकी काय काय आहे तेही सांगते, कारण तुमच्याही कपाटात असा देव असेल. 'पी' म्हणजे ऑटोचाच चुलतभाऊ. उजेडाचा हिशोब पुन्हा यंत्रच करणार, तुम्ही थोडी कुरबुर करू शकता. 'ए' म्हणजे भिंगाचं भोक किती उघडायचं ते तुम्ही ठरवा, किती वेळ उघडं ठेवायचं ते यंत्र ठरवेल. 'एस' म्हणजे त्याच्या उलट. 'एम' म्हणजे दोन्ही तुम्ही ठरवायचं, आणि फोटो चुकला तर शिव्याही तुम्हीच खायच्या. म्हणूनच तिकडं कुणी फिरकत नाही. शिवाय चित्रांचे मोड: बर्फ, समुद्रकिनारा, आतषबाजी, जेवणाचं ताट. वर्ध्यात बर्फ! गंमत अशी की त्या सगळ्यांत कापसाला त्यातल्या त्यात जवळचा बर्फच. पांढरं ते पांढरं असू द्यावं, एवढी अक्कल त्या एका मोडला आहे. कुठल्या तरी थंड देशातल्या घसरगुंडीवाल्यांची सोय झालीय. कापसाच्या मुलखाची आठवण चाक बनवणाऱ्याला झाली नाही.

"मंग 'पी'वर ठेवू," सर म्हणाले. "बीचचा मार्ग."

"सर, या मधल्या मार्गानंच बायका चोर ठरल्यात. कॅमेरा द्या, परवा आणून देते."

"कॅमेरा माहा हाये. मी येईन संगं," म्हणाले, आणि आत जाऊन मफलर घेऊन आले. नोव्हेंबरातल्या वर्ध्याच्या उन्हात मफलर!

देवळीच्या पुढं

एसटीनं देवळी. स्टँडवर आलूबोंडा खाल्ला. त्यालाच आम्ही बटाटेवडा म्हणतो आणि त्यावरून उगीच गर्व करतो. तिथून ऑटोनं मंदाताईचं गाव. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पिवळी पडत चाललेली तूर आणि फुटलेला कापूस. जमीन काळी, अगदी तव्यासारखी. एवढ्या काळ्यात एवढं पांढरं बघितलं की ऑटो मोडची मला दया येते. क्षणभरच.

मंदाताई पन्नाशीची, उंच, आवाज ग्रामसभेत माइक न लागणारा. ओटीत कापूस तसाच घेऊन दारात आली आणि आधी सरांवर घसरली.

"आले का कॅमेरावाले? आता कोनता रंग काढता? निळा काढा एखादा!"

"मंदाबाई, माही काहीच चूक नाई," सर म्हणाले. "कॅमेऱ्यानं..."

"कॅमेरा चालत आल्ता का आमच्या वावरात?"

मला हसू आलं तर मोर्चा माझ्याकडं वळला. "अन् तू काऊन हासून राह्यली वं? त्या पुण्यावाल्यायले तूच आनलं ना? काल पिठाच्या गिरणीवर एक जन मले म्हनते, 'मंदाबाई, पिठात काही मिक्स तं नाई ना?' आन सारे हासले. वीस वर्सं झाले, या गावात मी कोनाच्या वजनात फरक नाई पडू देल्ला."

मी म्हटलं, "ते शब्द मागं घेतील. घ्यायला लावू."

"माल नाई घेतला तं नका घेऊ म्हना. कापूस काय, बाजारात जाते. तो शब्द वापस पाह्यजे."

एवढंच होतं तिचं मागणं. पुढच्या सगळ्या प्रवासात मी हे वाक्य विसरले नाही, तुम्हीही विसरू नका.

मग जेवायला बसवलं. ज्वारीची भाकर, वांग्याची भाजी, लसणाचा ठेचा. आमच्याकडं भांडण झालं की जेवण बंद. इथं जेवण वाढता वाढता भांडण चालू राहतं, आणि वाढणारीचा हात तोंडाइतकाच मोकळा. मागची खोली कापसानं छतापर्यंत भरलेली. आमच्या इचलकरंजीत कापूस हवेत उडतो आणि माणसाच्या छातीत जाऊन बसतो. इथं घरातल्या माणसाला बाहेर काढून खोलीत बसतो. मंदाताईचा नवरा ओसरीवर झोपत होता. "कापसाचं राज हाये," तो म्हणाला, "आमी भाडेकरू."

कामाला लागले. ओसरीच्या सावलीत उजेड मोजला, चाक 'एम'वर, दोन्ही आकडे पक्के केले. पक्के म्हणजे आता समोर काहीही येवो, यंत्र परस्पर बदल करणार नाही. ऐटीत अंगणात गेले, ढिगाचे फोटो काढले आणि बायकांना दाखवले. पडद्यावर काहीच नव्हतं. पांढरा उजेड, त्यात मंदाताईची दोन पावलं.

"ढीग कुठं गेला?" एकीनं विचारलं.

"पुण्याले गेला," मंदाताई म्हणाली, आणि बायका पोट धरून हसल्या. ढोले सर तर मफलर तोंडाला लावून हसले. सावलीतला हिशोब उन्हात चालत नाही. ऑटोला शिव्या देण्याच्या नादात हेच विसरले होते. 'एम'चा मान असा असतो: चूक तुमची, आणि ती लगेच दिसते.

परत मोजलं, या वेळी उन्हातच. ढिगातला मूठभर कापूस अंगणातल्या चादरीवर ठेवला, फोटो. तीच मूठ लगेच घरामागच्या वावरात काळ्या मातीवर ठेवली, फोटो. ऊन तेच, आकडे तेच. दोन्ही पडद्यावर शेजारी शेजारी धरले. कापूस दोन्हीकडं एकच: किंचित सायीच्या रंगाचा, उबदार.

मंदाताईनं बराच वेळ पाहिलं. मग हळूच म्हणाली, "अजून पांढरा नाई होत? टाक ना थोडा उजेड. दिपवूनच टाकू त्यायले."

"व्हतोय की. पण मग ती भेसळच व्हईल ताई, या वेळी खरीच."

ती माझ्याकडं रागानं बघत राहिली. मग तिनं तो पडद्यावरचा सायीचा रंग हातातल्या कापसाशी ताडला. "राहू दे," म्हणाली. "असाच हाये तो." आणि लगेच, "पन पोरी, फोटोनंच आमाले चोर केलं. आता फोटोच साव करन का? मले पटत नाई. उद्या गिरडले बाबाच्या दर्ग्यावर जाऊ. आमी साऱ्या जनी हातात कापूस घिऊन किरिया घेतो. तुले फोटो काढाचा तं काढजो."

किरिया म्हणजे शपथ. माझ्या कपाळावर आठ्या पडल्या. पुण्यातल्या त्या चौघांना गिरडची शपथ दाखवायची? ते म्हणतील, वा, किती लोकसांस्कृतिक! मी तसं बोलूनही टाकलं.

"त्यायच्यासाठी नाई वं," मंदाताई म्हणाली. "गावासाठी."

गिरड

एका काळीपिवळी जीपमध्ये किती माणसं मावतात, हा प्रश्न इथं कुणी विचारत नाही. बारा बायका, मी, कॅमेरा मांडीवर घेतलेले ढोले सर आणि गाणी लावणारा ड्रायव्हर. प्रत्येकीच्या पदराच्या टोकाला आपापल्या घरच्या ढिगातला कापूस गाठ मारून बांधलेला. हे मला गाडीत बसल्यावर कळलं. मी एकाच ढिगाचा पुरावा काढत बसले होते. या बायका बारा घरांचा पुरावा घेऊन निघाल्या होत्या. कुणाच्याही घरच्या कापसात खोट असेल तर किरिया तिलाच लागेल, असा साधा हिशोब.

हिंगणघाट, समुद्रपूर करत गिरडला पोचलो तेव्हा ऊन चांगलं चढलं होतं. टेकडीवर शेख फरीदबाबांचा दर्गा. पायऱ्या चढणाऱ्यांत टिकल्या, टोप्या, हिरव्या चादरी, नारळाच्या पिशव्या, सगळं एकात एक. आमच्या बायका हिंदू, दोघी गोंड; कुणाला त्यात काही विशेष वाटत नव्हतं. विशेष वाटलं ते मला, कारण मी वर्तमानपत्रं वाचते.

टेकडीवर गोल गोल दगड सापडतात. सगळ्यांत वयस्कर अंजनाबाई, गटातल्या दोन गोंड बायकांपैकी एक, तिनं एक उचलून माझ्या हातात दिला. "हे माल व्हता," म्हणाली. "यापारी लोकाइनं फकिराची टिंगल केली. त्यानं साऱ्या मालाचे गोटे करून देल्ले."

"मग पुढं?"

"मंग काय? पाया पडले. त्यानं माल वापस देल्ला म्हनतेत." तिनं दगड माझ्याकडून परत घेतला. "मी नसता देल्ला."

वर पोचल्यावर दर्शन झालं. मग बाहेर उघड्यावर, कठड्याजवळ, बायका गोल करून उभ्या राहिल्या. पदराच्या गाठी सुटल्या. प्रत्येकीच्या तळहातावर कापूस. मंदाताई म्हणाली, मोठ्यानं, चढून येणारे लोक थांबतील इतक्या: "बाबा, आमी कवडी मिसळली असन तं आमचाबी गोटा होऊ दे. नसन मिसळली तं बोलनाऱ्याचा शब्द त्याले वापस जाऊ दे." कवडी म्हणजे किडका, डागी कापूस. बाकीच्यांनी ते आपापल्या परीनं म्हटलं. अंजनाबाई आधी मराठीत म्हणाली, मग गोंडीत पुन्हा एकदा. "ज्याले जे समजते त्यानं ते आयकावं," म्हणाली.

मी शपथांवर विश्वास ठेवत नाही. पण तेव्हा मला समजलं की फोटो हाच आहे.

"ताई, हात असेच ठेवा. जवळ आणा, एकमेकींना लागून."

"तोंड नको काढू," अंजनाबाई ओरडली. "लुगडं जुनं हाये, दातबी नाई. हात काढ."

मी मंदाताईच्या रिकाम्या डाव्या तळहातावर उजेड मोजला. तळहात फार काळा नसतो, फार पांढरा नसतो. यंत्राच्या सरासरीच्या वेडाला फसवायला बरा. तो आहे तसा दिसेल असे आकडे 'एम'वर बांधले आणि फोटो काढला. बारा तळहात, बोंडाच्या टोकांनी ओरखडलेले, नखांच्या कडा फाटलेल्या, आणि बारा घरांचा कापूस. कुठं राख नाही, कुठं चकाकी नाही. सगळीकडं तोच सायीचा रंग. भेसळ शोधून दाखवा!

ढोले सर फार खूश झाले. "सुपर! आता समजलं मले. एमच खरा." आणि त्यांनी खिशातून सेलोटेप काढली, चाक 'एम'वर होतं तसंच पुन्हा चिकटवलं. मी काही बोलायच्या आत ते झाडाखाली भाकरी सोडून बसलेल्या बायकांचा फोटो काढायला गेले. दाट सावली, उन्हाचे आकडे. फोटोत काळोख आला, काळोखात एक भाकर.

"म्याडम," त्यांनी हाक मारली, "हेबी बिघडलं वाटते."

या माणसाला मोड नको आहे हो. त्याला धनी हवा आहे. एकदा कुणीतरी ठरवून द्यावं आणि वरून टेप लावावी. देशात असे किती आहेत ते मोजायला मला गिरडपर्यंत यायची गरज नव्हती.

येताना गाडीत बायका गात होत्या. मंदाताई पिठाच्या गिरणीपाशी मुद्दाम उतरली आणि तिथल्या माणसाला म्हणाली, "गिरडहून किरिया घिऊन आली मी. आता इचार, पिठात काय मिक्स हाये." तो चक्कीकडं वळला आणि तिचा आवाज मोठा करून बसला. गावापुरता शब्द परत गेला होता.

आणि पुणं

घरी येऊन मी पत्र लिहिलं. चादरीवरची मूठ, मातीवरची मूठ आणि गिरडचे तळहात, असे तीन फोटो जोडले. कॅमेरा तोच आहे, आकडे हे आहेत, आधीचे दोन फोटो ऑटोवर का फसले ते अमुक कारणानं, सगळं पहिलीतल्या पोराला कळेल असं. शेवटी एकच मागणी: 'भेसळ' हा शब्द लेखी मागं घ्या.

उत्तर आलं. गोड भाषेत. फोटो 'अतिशय प्रामाणिक आणि हृदयस्पर्शी' आहेत म्हणे. विशेषतः तळहातांचा, तो दुकानाच्या दर्शनी भिंतीवर मोठा करून लावायला आवडेल. कापसाबाबत पुढच्या हंगामात विचार करता येईल. भेसळीच्या शब्दाबद्दल अक्षर नाही.

मी फोन करून मंदाताईला वाचून दाखवलं. पलीकडं ती कोंबड्या हाकलत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हंजे हात चोराचे, पन भिताडावर लावाले चांगले?"

तळहात लावायची परवानगी आम्ही दिलेली नाही. लावतीलच. ज्यांना कापसाला हात न लावता निकाल देता येतो, त्यांना न विचारता हात भिंतीवर टांगायला काय लाज?

म्हणून तुम्हाला सांगते, पुण्यात राहणाऱ्या आणि अंगावर शेत घालायची हौस असलेल्या तुम्हाला. कुठल्याही दुकानात भिंतीवर बारा तळहात आणि त्यांत कापूस दिसला, तर कुर्ता हातात घ्या, काउंटरवर जा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारा: "या बायकांना भेसळखोर म्हणालात, तो शब्द लेखी मागं घेतलात का?" कागद दाखवला तर पैसे द्या. नाही दाखवला, तर कुर्ता घडी घालून तिथंच ठेवा आणि बाहेर या.